लढाईच्या आधीची बिल्डिंग

प्रश्न : माझे आजोबा तळ्याहून मुंबईला गेले आणि चर्चगेटजवळ, ओव्हल मैदानासमोरच्या एका घरात आयुष्यभर स्वयंपाकाला राहिले. 'आमची बिल्डिंग लढाईच्या आधीची' असं ते अभिमानाने सांगत. 'आम्ही मागच्या जिन्याने जायचो' हेही सांगत. त्या इमारतींचं एवढं काय विशेष? मागचा जिना कशासाठी? आणि आज कोटींच्या किमतीच्या त्या घरांत काहीजण अगदी किरकोळ भाड्यात राहतात, हे खरं का?
– एक वाचक, तळा (रायगड)

उत्तर : लढाई म्हणजे दुसरं महायुद्ध. ओव्हलच्या पश्चिमेची आणि मरीन ड्राइव्हवरची घरांची रांग बहुतेक १९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतली आहे. त्याआधी ओव्हलच्या कडेने कुलाब्याकडे आगगाडी जायची आणि रुळांपलीकडे बॅकबेचा समुद्र होता. १९३०च्या अखेरीस कुलाबा स्टेशन बंद झालं, गाड्या चर्चगेटलाच थांबू लागल्या आणि ती पट्टी मोकळी झाली.

समुद्र हटवण्याचं काम मात्र सरळ झालं नाही. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॅकबे भरणीची मोठी योजना निघाली. बंदराच्या तळातला चिखल उपसून बांधाच्या आत टाकायचा होता, पण बांध गळका निघाला आणि चिखल परत समुद्रात जाऊ लागला. खर्च फुगत गेला. खुर्शेद फ्रामजी नरीमन या तडफदार वकिलाने हा कारभार चव्हाट्यावर आणला. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून नरीमन निर्दोष सुटले. ठरलेल्या आठ भागांपैकी चारच भाग पुरे झाले. नरीमन पॉइंट हे नाव याच नरीमन यांचं.

या भरणीवर जी वस्ती झाली, तिची खरी श्रीमंती मला दिवाणखान्यांपेक्षा तिच्या शिस्तीत दिसते. इमारतींची उंची साधारण सारखी, रस्त्याकडची रेषा एक, समोर मैदान नाहीतर समुद्र. कुणी शेजाऱ्याचा वारा अडवायचा नाही. पैसेवाले मालक शहरात आधीही होते आणि आजही आहेत, पण सगळ्यांनी मिळून नियम पाळलेली अशी रांग मुंबईत पुन्हा क्वचितच उभी राहिली.

या रांगेतल्या काही उत्तम इमारती एका मराठी माणसाने रेखाटल्या, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. गजानन बाबुराव म्हात्रे (१९०२–१९७३) हे ते वास्तुविशारद. ओव्हलसमोरची एम्प्रेस कोर्ट त्यांची, मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरची १९३७ची सूना महालही त्यांचीच. तोवर जाड भिंतींवर घर तोलायचं असे. सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्यामुळे भिंतीवरचा भार गेला, म्हणून कोपरे गोल करता आले, खिडक्या रुंद झाल्या, गॅलऱ्या बाहेर काढता आल्या. खिडक्यांवरून पट्टीसारखे धावणारे छज्जे शोभेचे वाटतात, पण ऊन आणि पावसाची झड अडवणं हे त्यांचं काम. आत मोझॅकची फरशी, सागवानी दारं, जाळीच्या दाराची लिफ्ट, खोलीला जोडून न्हाणीघर आणि फ्लशचा संडास. असं घर कसं असावं हे लोकांना दाखवायला वास्तुविशारदांच्या संस्थेने १९३७ साली टाउन हॉलमध्ये 'आदर्श घर' प्रदर्शनही भरवलं होतं. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. ओव्हलच्या पूर्वेकडची हायकोर्ट आणि विद्यापीठाची गॉथिक रांग आणि पश्चिमेची ही डेको रांग अशी दोन्ही मिळून २०१८च्या ३० जूनला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. हा प्रस्ताव लावून धरण्यात तिथल्या रहिवाशांचा आणि नागरिकांचा वाटा मोठा होता.

आता मागचा जिना. त्या काळच्या मोठ्या फ्लॅटचा नकाशा पाहिला की उत्तर समोरच दिसतं. पुढच्या बाजूला दिवाणखाना, गॅलरी, झोपायच्या खोल्या. मागच्या बाजूला स्वयंपाकघर, नोकराची खोली आणि तिथून खाली उतरणारा वेगळा जिना. लिफ्ट आणि पुढचा जिना घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी. दूधवाला, धोबी, स्वयंपाकी, संडास धुणारा सफाई कामगार यांनी मागून यायचं. साहेबांच्या बंगल्यांतली ही वहिवाट होती, तिला आपल्याकडच्या जातीपातीच्या विटाळाची जोड मिळाली. संडास घरात आला, पण तो धुणाऱ्याने खोल्यांतून जाऊ नये म्हणून वाट बाहेरून काढली गेली. या इमारतींच्या कौतुकात पुढच्या गोलाईचे फोटो असतात, मागच्या जिन्याचे सहसा नसतात. माझ्या मते ते दोन्ही छापायला हवेत. तळा, माणगाव, म्हसळ्याकडून गेलेल्या कितीतरी माणसांच्या मनीऑर्डरी त्याच जिन्याच्या कमाईतून गावी आल्या आहेत, आणि त्या घरांचा थाट त्यांच्याच हातांवर चालला.

भाड्याचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, आणि त्यातही लढाईचाच हात आहे. युद्धात मुंबईत माणसं वाढली, बांधकाम थंडावलं, भाडी चढू लागली. ती रोखायला कायदे आले, आणि १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण धरलं. हेतू गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर वाचवण्याचा होता. पण गिरगावच्या चाळीतल्या खोलीला जे संरक्षण मिळालं, तेच ओव्हलसमोरच्या चार खोल्यांच्या फ्लॅटलाही मिळालं. पुढे १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला, आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. भाडं दोनशे रुपये असेल तर पहिली वाढ झाली आठ रुपयांची. भाडेकरू बदलताना पागडीची मोठी रक्कम हातोहात जाते, ती पद्धतही याच कायद्याने मान्य केली. एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्यांना मात्र त्याने संरक्षणातून वगळलं.

एवढ्या भाड्यात समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजणाऱ्या सळ्या दुरुस्त होत नाहीत. मालक म्हणतो परवडत नाही, भाडेकरू म्हणतो इमारत तुमची. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो, पण तो पुरा पडत नाही. ज्या इमारती आज ताठ उभ्या आहेत, त्यांपैकी अनेक ठिकाणी राहणाऱ्यांनी खर्च वाटून घेतलेला असतो. ज्याला परवडतं त्याने बाजारभावाजवळचं भाडं द्यावं आणि संरक्षण खरोखर गरजू भाडेकरूला राहावं, असा कायदा व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. वारसा यादीत नाव असल्याने इमारत पाडायला अडथळा येतो, प्लास्टर धरून ठेवायला लागणारा पैसा त्यातून मिळत नाही.