हार्ड डिस्कवरील माहितीचा पुनरुद्धार



आमच्या शाळेंत गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड व एटापल्ली या तालुक्यांतील कांहीं मुलें शिकतात. उन्हाळ्याच्या सुटींत त्यांनीं आपापल्या गांवच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून माडिया भाषेंतील गाणीं, गोष्टी व जुन्या आठवणी ध्वनिमुद्रित करून आणिल्या. हा सारा संग्रह आम्हीं एका हार्ड डिस्कवर ठेविला. पुढें ऐन पावसाळ्यांत, फाइली उतरविण्याचें काम चालूं असतांना, एकाएकीं वीज गेली. दुसऱ्या दिवशीं डिस्क जोडतांच पडद्यावर प्रश्न उमटला : “ही डिस्क वापरण्यापूर्वीं फॉरमॅट केली पाहिजे. करावयाची काय?”

दुसरी प्रत आम्हीं ठेविली नव्हती. हा दोष सर्वस्वीं आमचा. त्या संग्रहांत एका विद्यार्थ्याच्या आजीचा आवाज होता, आणि ती आजी मृग लागण्यापूर्वींच निवर्तली होती. तो मुलगा कांहीं न बोलतां पडद्याकडे पाहत उभा राहिला. त्या प्रश्नास आम्हीं ‘नाहीं’ असें उत्तर दिलें व डिस्क काढून ठेविली. तेंच उत्तर योग्य कां होतें, हें येथें सांगावयाचें आहे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाचे वनखात्यानें कक्ष पाडलेले आहेत. प्रत्येक कक्षास क्रमांक आहे, हद्द आहे, आणि त्याचा नकाशा कचेरींत असतो. समजा, तो नकाशा फाटला; म्हणून रानांतील साग व मोह नाहींसे होतात काय? डिस्कचेंहि तसेंच आहे. तिजवरील जागा विभागांत वांटलेली असते. या विभागांस पार्टिशन म्हणतात. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर या वांटणीचा तक्ता अगदीं पहिल्या सेक्टरांत असतो. हा सेक्टर ५१२ बाइटांचा असून त्यांपैकीं केवळ ६४ बाइट त्या तक्त्याचे : चार विभाग, प्रत्येकीं १६ बाइट. एवढासा तक्ता बिघडला कीं संगणकास सारी डिस्क कोरी भासते. वास्तविक माहिती जेथल्या तेथें असते. वाट दाखविणारा तेवढा गेलेला असतो.

नवीन, म्हणजे जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदीं शेवटीं ठेविलेली असते. त्याचप्रमाणें एनटीएफएस पद्धतीच्या विभागांत आरंभींच्या महत्त्वाच्या सेक्टरची नक्कल त्या विभागाच्या शेवटच्या सेक्टरांत असते. रचनाकारांनीं नाशाची शक्यता आधींच गृहीत धरिली होती, हें यावरून दिसेल.

आतां कृतीचा क्रम पाहूं. पहिला नियम असा कीं, बिघडलेल्या डिस्कवर एक अक्षरहि नवें लिहूं नये. नवें लिहिलें कीं तें जुन्यावर बसतें, आणि मग तें जुनें परत मिळत नाहीं. डिस्कमधून खटखट असा आवाज येत असेल तर तिला वीज देणेंहि थांबवावें व ती जाणत्या कारागिराकडे न्यावी. दुसरा नियम : दुरुस्ती मूळ डिस्कवर न करितां तिच्या प्रतीवर करावी. जीएनयू डीडीरेस्क्यू हें विनामूल्य साधन डिस्कचे सुस्थितींतील भाग आधीं उतरवून घेतें आणि मग अडलेल्या सेक्टरांकडे पुनःपुन्हां वळतें.

प्रत हातीं आल्यावर टेस्टडिस्क नांवाच्या साधनाचा उपयोग होतो. फ्रान्समधील क्रिस्तोफ ग्रेनिए यांनीं तें लिहिलें असून तेंहि विनामूल्य आहे. नकाशा हरवला असतां वनरक्षक जसा हद्दीचे दगड शोधीत फिरतो, तसें हें साधन डिस्कभर फिरून विभागांच्या आरंभाच्या खुणा शोधतें व त्यांवरून तक्ता पुन्हां मांडतें. एवढ्यानें न भागल्यास त्याच ग्रंथकाराचें फोटोरेक आहे. तें तक्ता पाहतच नाहीं. फाइलीच्या आरंभींची ओळख पाहतें. उदाहरणार्थ, वेव्ह प्रकारच्या ध्वनिफाइलीच्या आरंभीं आर, आय, एफ, एफ हीं चार अक्षरें असतात. मात्र अशा रीतीनें मिळालेल्या फाइलींस मूळ नांवें राहत नाहींत.

आम्हीं याच क्रमानें काम केलें. विभाग सांपडला आणि बहुतेक फाइली नांवांसह परत आल्या. कांहीं सेक्टर मात्र वाचतां आले नाहींत, आणि कित्येक फाइली निनांवी निघाल्या. त्या मुलानें रोज सायंकाळीं त्या एकेक ऐकावयास आरंभ केला. तिसऱ्या दिवशीं आजीचा आवाज सांपडला. गाण्याचा शेवट तेवढा गेला होता. दिवाळीच्या सुटींत गांवांतील दुसऱ्या एका वृद्धेकडून तो शेवट त्यानें लिहून आणला.

पालकांनींहि या गोष्टीकडे लक्ष द्यावें. वनहक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांत, लिहून घेतलेलें गांवच्या वृद्धांचें निवेदन हाहि पुरावा मानला आहे. याच कायद्यानें २००९ सालीं धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गांवास सामूहिक वनहक्क मिळाला. तेव्हां म्हाताऱ्यांच्या आठवणी जपणें म्हणजे केवळ हौस नव्हे.

एक इशारा आवश्यक आहे. एसएसडी नांवाच्या नव्या साधनांत पुसलेल्या फाइलींची जागा बहुधा लवकरच खरोखर रिकामी केली जाते. मग वरील उपाय चालत नाहींत. म्हणून उपायापेक्षां सावधगिरी श्रेष्ठ. जाणत्यांचा नियम असा : महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं असावी. पर्लकोटेस पूर आला कीं भामरागडचा मार्ग बंद पडतो, हें आपण जाणतांच. सर्व प्रती एकाच कपाटांत ठेवणारास हें उदाहरण पुरेसें आहे.

आमच्या संग्रहाच्या आतां तीन प्रती आहेत. त्यांतील एक त्या मुलाच्या घरीं आहे.