फासे टाकून भविष्य विचारावे काय?



दसरा-दिवाळी आली की बीड जिल्ह्यातील अनेक गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मनात काळजी असते. उचल फिटेल काय? मागे राहिलेली म्हातारी माणसे, लेकरे सुखरूप राहतील काय? अशा वेळी कोणीतरी फासे किंवा कवड्या टाकणाऱ्याचे नाव सुचवतो. "नुसते विचारायला काय हरकत आहे?" असे आपणही म्हणतो.

फासे टाकून भविष्य पाहण्याची एक जुनी पद्धत म्हणजे रमल. हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ वाळू. पूर्वी वाळूवर ठिपके काढीत. पुढे फासेही वापरात आले. चार ओळी, प्रत्येक ओळीत एक किंवा दोन ठिपके, अशा एकूण १६ आकृत्या होतात. प्रश्न कोणाचाही असो, उत्तर त्यांच्याच मांडणीतून काढायचे. फाशाला ना आपली उचल ठाऊक, ना आपले लेकरू.

कोणी म्हणेल, पवित्र शास्त्रातही चिठ्ठ्या टाकल्या आहेत. खरे आहे. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड तशीच झाली (प्रेषितांची कृत्ये १:२३-२६). पण आधी दोन योग्य माणसे पुढे केली गेली, मग प्रार्थना झाली आणि त्यानंतर चिठ्ठ्या टाकल्या. १३व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी चिठ्ठ्यांचे तीन हेतू वेगळे केले: वाटणी करणे, काय करावे ते ठरवणे आणि भविष्य जाणणे. भावाभावांनी शेताच्या सारख्या वाटण्या चिठ्ठीने घेतल्या तर त्यात पाप नाही. भविष्य विचारणे मात्र देवाने आपल्या लोकांना मना केले आहे (अनुवाद १८:१०-१२). ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद २११६) तीच शिकवण आहे.

ही केवळ नियमाची गोष्ट नाही. समजा, घरातील बाई कित्येक महिने आजारी आहे. फासे टाकणारा सांगतो, "कोणीतरी केले आहे." मग दवाखाना राहून जातो आणि संशय शेजारणीवर किंवा विधवा जावेवर जातो. तो दक्षिणा घेऊन निघून जातो; वैर मात्र गावातच राहते. अमुक माणूस करणी करतो असे भासवून त्याचे जगणे कठीण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आपल्यासाठी तर ते शेजारप्रीतीच्या आज्ञेविरुद्धचे पापही आहे.

आपण स्वतःलाही तपासून पाहू या. डोळे मिटून बायबल उघडायचे, बोट ठेवायचे आणि जे वचन येईल ते आपल्या प्रश्नाचे उत्तर समजायचे, असे आपण करतो ना? मग आपण देवशब्दाचाच फासा केला.

प्रभू येशू क्रूसावर असताना शिपायांनी त्याच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या (योहान १९:२३-२४). तारणारा इतका जवळ होता आणि त्यांचे लक्ष चिठ्ठ्यांवर होते. काळजीच्या वेळी आपले लक्ष कोठे असते?

घरी चर्चेसाठी:
१. मागच्या संकटात आपण प्रथम कोणाकडे धावलो?
२. कोणाच्या सांगण्यावरून आपण एखाद्या घराशी बोलणे सोडले आहे काय? या आठवड्यात त्या घरी जाता येईल काय?