रंग जुळवण्याचा खेळ आणि न उघडलेली पेटी

खेळाचे मोल कशावरून ठरते, हा प्रश्न वरवर पाहता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा वाटतो. परंतु जुन्या व्हिडिओ गेमचा बाजार पाहिला म्हणजे त्यात कलेचा व इतिहासाचाही भाग आहे, हे ध्यानात येते. उदाहरणादाखल ‘कॉलम्स’ हा खेळ घेऊ. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतील जे गीर्टसेन यांनी १९८९ मध्ये तो तयार केला आणि पुढच्याच वर्षी जपानच्या सेगा कंपनीने तो बाजारात आणला. सहा घरे रुंद व तेरा घरे उंच अशा चौकटीत तीन रत्नांची उभी कांडी वरून उतरते. खेळणाऱ्यास रत्नांचा क्रम फिरवता येतो, कांडी मात्र आडवी करता येत नाही. एका रंगाची तीन रत्ने उभी, आडवी वा तिरपी जुळली की नाहीशी होतात, वरची खाली घसरतात, आणि त्या घसरण्यातूनच कधी कधी नवी त्रयी जुळून येते. नियम एवढेच.

संग्राहकांच्या लेखी मात्र या खेळाचा भाव बेताचाच. सेगाने आपल्या ‘गेम गिअर’ या हातात धरण्याच्या यंत्रासोबत तो अनेक देशांत देऊन टाकला, त्यामुळे प्रती उदंड झाल्या. उलट याच कंपनीने ‘मेगा ड्राइव्ह’ यंत्रासाठी केलेला ‘टेट्रिस’ हक्कांच्या वादामुळे १९८९ मध्ये विक्रीस आलाच नाही, आणि त्याच्या हाती लागलेल्या मोजक्या प्रतींसाठी संग्राहक जीव टाकतात. वास्तविक टेट्रिस दुसऱ्या यंत्रांवर लाखो लोक खेळत होते! त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ ची एक सीलबंद प्रत अमेरिकेतील लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. ती कोणी कधीच खेळले नव्हते, हाच तिचा गुण.

हे परदेशी वेड म्हणून हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. आपल्याकडे हे पूर्वीच घडून गेले आहे, आणि तेही रंग जुळवण्याच्याच एका खेळाबाबत. गंजिफा हा तो खेळ. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. महाराष्ट्रात रुजली ती दशावतारी गंजिफा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा, म्हणजे एकूण १२० गोल पाने. पत्त्यांच्या जातीस मराठीत ‘रंग’ का म्हणतात, ते ही पाने पाहून समजते. जमिनीचा रंग पाहूनच पान कोणत्या अवताराचे ते ओळखावयाचे. मासा, कासव, परशू ही चिन्हे मागाहून. तिघांनी चाळीस-चाळीस पाने घेऊन बसावे. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने उतारी करावी, सूर्यास्तानंतर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. पाच रंगांत अंकांची चढण एका बाजूने, तर उरलेल्या पाचांत नेमकी उलट. हुकूम नाही. कोणती पाने पडली हे ध्यानात ठेवणारा जिंकतो. आमच्या मते रमीपेक्षा हा खेळ पुष्कळच अवघड आहे.

छापील पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफेचे खेळणारे संपत गेले. सावंतवाडीत ही कला लयाला जाण्याच्या बेतात असता शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी राजवाड्यातच तिला आश्रय दिला. मुंबईत राहिलेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी आयुष्यभर गंजिफा जमविल्या, अभ्यासिल्या. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यांचे प्रदर्शन भरले. संग्राहकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे, कारण ते नसते तर पुष्कळशी जुनी पानेही उरली नसती. परंतु आज सावंतवाडीहून डबी आणणारे ती काचेच्या कपाटात ठेवतात. चित्रे वाचली, चितारी वाचले. डाव मांडणारे तिघे मात्र सहसा जमत नाहीत. आपल्या चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरील निर्मल येथेही पूर्वी गंजिफा रंगविल्या जात. आज ते गाव आपल्याकडे माहीत आहे ते लाकडी खेळण्यांसाठी.

व्हिडिओ गेमची वाटचाल याच दिशेने चालली आहे, फरक वेगाचा. गंजिफेला जे व्हायला शतके लागली, ते येथे तीस-पस्तीस वर्षांत झाले. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडावयाची नक्कल यंत्रे आपल्याकडे आली. त्यांच्या कॅसेटवर शेकडो खेळांची बढाई असे आणि आत तेच थोडे खेळ पुनःपुन्हा. आपल्यापैकी कोणाच्या घरी माळ्यावर असे यंत्र पडून असेल तर त्याला लिलावात कोणी विचारणार नाही: ना मूळ पेटी, ना कंपनीचा शिक्का. तेव्हा जपून ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कॅसेटचे धातूचे दात कोरड्या फडक्याने पुसावे (फुंकर मारू नये, तोंडातील ओल त्यांना गंज चढविते), यंत्र टीव्हीला जोडून पाहावे, आणि धाकट्या भावंडांना नियम सांगावेत.