संगणकाची कोंडी आणि कामांची पाळी

महापुराचे पाणी ओसरले, की गावकारभाराची खरी कसोटी सुरू होते. २०१९ आणि २०२१ साली कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ व करवीर तालुक्यांच्या नदीकाठच्या गावांनी हा अनुभव घेतला आहे. पंचनामे झाले, की बाधित कुटुंबांच्या याद्या मुदतीत तयार कराव्या लागतात. अशा वेळी ग्रामपंचायतीच्या एकुलत्या एक संगणकावर यादीचे काम चालू असतानाच पंचनाम्यांची छायाचित्रे पाठविली जात असतात आणि पाठीमागे विषाणुरोधक तपासणीही चालू असते. पाहता पाहता पडदा गोठतो. कळ दाबली तरी अक्षर उमटत नाही. त्रासलेला कर्मचारी वीजच बंद करतो आणि न साठविलेली यादी नाहीशी होते. एखाद्या कुटुंबाची मदत तेवढ्याने लांबणीवर पडू शकते. वस्तुतः अशा वेळी संगणक बहुधा बिघडलेला नसतो. तो कामांच्या गर्दीत अडकलेला असतो.

पाळीचे तत्त्व

उपसा सिंचन संस्थांच्या सभासदांना ही गोष्ट चटकन उमजेल. पाणी मोजके आणि शेते अनेक, म्हणून पाणी पाळीने दिले जाते. संगणकाचा प्रक्रियकही याच रीतीने चालतो. तो प्रत्येक कामाला सेकंदाचा अत्यल्प अंश देऊन पुढच्या कामाकडे वळतो. हा फेरा इतका जलद असतो, की सर्व कामे एकदमच चालल्यासारखी भासतात. पाळी कोणाची आधी, हे कामाच्या अग्रक्रमावरून ठरते.

या व्यवस्थेचे महत्त्व २० जुलै १९६९ रोजी जगाला दिसून आले. अपोलो-११ मोहिमेचे यान चंद्रावर उतरत असता त्याच्या संगणकावरील ताण वाढला आणि १२०२ क्रमांकाचा इशारा झळकू लागला. तथापि, अग्रक्रमाची सोय असल्यामुळे संगणकाने गौण कामे बाजूस सारली, उतरण्याचे काम चालू ठेवले आणि यान सुखरूप उतरले.

प्रथम पातळी पाहावी

पंचगंगेला पूर आला, की राजाराम बंधाऱ्यावरील पातळी पाहिली जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी होय. संगणकाचीही पातळी आधी पाहावी. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या, की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यास एक-दोन मिनिटे लागली तरी धीर सोडू नये. सीपीयूचा रकाना शंभर टक्क्यांजवळ असेल, तर अग्रक्रम बदलण्याचा उपयोग होतो. मेमरी भरली असेल, तर मात्र नको असलेले कार्यक्रम बंद करणे हाच उपाय. विहिरीतच पाणी नसेल, तर पाळी बदलून काय साधणार?

अग्रक्रम कसा बदलावा

टास्क मॅनेजरमधील ‘डिटेल्स’ या भागात कार्यक्रमाच्या नावावर माउसची उजवी कळ दाबून ‘सेट प्रायॉरिटी’ निवडावे. ‘लो’पासून ‘रिअलटाइम’पर्यंत सहा पायऱ्या दिसतील. आपले काम सर्वांत वर चढविण्याचा मोह येथे होतो, तो टाळावा. ‘रिअलटाइम’ दिल्यास माउस आणि कळफलक यांचीच पाळी चुकण्याचा संभव असतो. त्याऐवजी अडथळा करणारे काम ‘बिलो नॉर्मल’ किंवा ‘लो’ या पायरीवर उतरवावे. ते बंद पडत नाही. उरलेल्या वेळात सावकाश पुरे होते. प्रणालीच्या स्वतःच्या कामांना हात लावू नये. विषाणुरोधक कार्यक्रम असा बदल बहुधा स्वीकारत नाहीत. त्यांच्या तपासणीची वेळ कचेरी सुटल्यानंतरची ठेवावी. कार्यक्रम बंद होताच हा बदल सामान्यतः रद्द होतो, हेही ध्यानात असावे.

लिनक्स प्रणालीत याच सोयीला ‘नाइस’, म्हणजे सौजन्यशील, असे नाव आहे. तिचे अंक उणे २० पासून १९ पर्यंत असतात. अंक जितका मोठा, तितके ते काम इतरांना अधिक वाट देते. सामान्य वापरकर्त्याला आपले काम अधिक सौजन्यशील करता येते. इतरांच्या पुढे नेण्यासाठी व्यवस्थापकाचा अधिकार लागतो.

तात्पर्य, पडदा गोठताच वीज बंद करू नये. थोडे थांबावे, पातळी पाहावी, गौण कामास मागे सारावे आणि संगणक हालू लागताच सर्वप्रथम आपले काम साठवून ठेवावे. वीज तोडणे हा अगदी अखेरचा उपाय होय. ग्रामसेवक, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी गर्दीचे दिवस येण्यापूर्वीच एकदा हे करून पाहिले, तर ऐनवेळी कोणाचेही नाव यादीतून गळणार नाही.