किशोरवयातील अवधान आणि भावना : एक चिकित्सोपयोगी विचार

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की ब्राह्मी, शंखपुष्पी, सारस्वतारिष्ट यांची मागणी वाढते, हे वैद्यांना व औषधी दुकानदारांना निराळे सांगावयास नको. पालकांची तक्रार बहुधा एकच असते : मुलाचे लक्ष लागत नाही. आमच्या मते ही तक्रार अनेकदा अर्धीच खरी असते. लक्ष लागलेले असते, परंतु ते पुस्तकाव्यतिरिक्त अन्य विषयात, विशेषतः भावनिक विषयात, गुंतलेले असते.

मेंदूच्या वाढीचा क्रम पाहिल्यास याचा उलगडा होतो. शंखप्रदेशी खोलवर असलेला अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग भय, क्रोध यांची चिन्हे त्वरेने टिपतो. कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा भाग अवधान आवरतो व वळवितो. त्याची परिपक्वता मात्र विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. जे गीड व सहकाऱ्यांनी १९९९ साली त्याच मुलांच्या पुनःपुन्हा केलेल्या एमआरआय तपासण्यांवरून दाखविले की मेंदूच्या अग्रखंडातील करडे द्रव्य साधारण अकरा-बाराव्या वर्षापर्यंत वाढते व पुढे कमी होत जाते. हा ऱ्हास नव्हे. न वापरलेल्या जोडण्यांची छाटणी हे त्याचे एक कारण मानले जाते.

अवधानाच्या दृष्टीने क्रिस्टोफर मंक व सहकाऱ्यांचा २००३ सालचा प्रयोग विशेष मननीय आहे. किशोरवयीन मुले व प्रौढ यांना भयभीत चेहरे दाखविण्यात आले. कधी 'तुम्हांला किती भीती वाटते' असे विचारले, तर कधी 'नाक किती रुंद आहे' एवढेच पाहावयास सांगितले. नाकाकडे पाहतानाही मुलांच्या मेंदूतील भावनासंबद्ध भाग प्रौढांपेक्षा अधिक उत्तेजित होत. प्रौढांचा मेंदू कामानुसार आपला प्रतिसाद बदलीत असे. म्हणजे भावना टिपण्याची शक्ती आधी येते, तिच्यापासून लक्ष सोडविण्याची मागाहून. अर्थात ही समूहाची सरासरी आहे. समोर बसलेल्या मुलाचे निदान तीवरून करता येत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व व पुढे तिसाव्या वर्षापर्यंत वर्धमान सांगितले असून त्या काळात सत्त्व प्रायः अनवस्थित असते असे म्हटले आहे. यावरून आचार्यांना अमिग्डाला ठाऊक होता असे सांगण्याचा मोह काही वक्त्यांना होतो, तो टाळावा. घेण्यासारखे निराळे आहे. शारीरस्थानात इंद्रियांचे नियमन व स्वतःचा निग्रह ही मनाची कर्मे सांगितली आहेत, आणि विषयाकडे ओढल्या जाणाऱ्या मनाला आवरणे हे धृतीचे कार्य मानले आहे. स्मृती उत्तम असूनही धृती दुर्बल असू शकते. अशा मुलास केवळ स्मृतीसाठी औषध देऊन मूळ प्रश्न तसाच राहतो.

म्हणून औषधयोजनेपूर्वी इतिहास घ्यावा. पालकांना थोडा वेळ बाहेर बसवून मुलाशी स्वतंत्र बोलावे. पुस्तक उघडल्यावर मनात काय येते? शाळेत कोणी छळते का, घरात कलह आहे का? रात्री झोप किती वाजता लागते? यौवनारंभी झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते, त्यात मोबाइलची भर पडते, आणि अपुऱ्या झोपेने भावनिक प्रतिसाद अधिक तीव्र होतो. चिंताग्रस्त मुलाचे लक्ष धोक्याच्या चिन्हांकडे अधिक वेगाने जाते, विषण्ण मुलाचे दुःखद गोष्टींवर रेंगाळते. घरच्यांना मात्र दोन्ही ठिकाणी 'अभ्यासात लक्ष नाही' एवढेच दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सुमारे एक तृतीयांश मानसिक विकार चौदाव्या वर्षापर्यंत सुरू होतात, आणि त्यांतील बहुतेक ओळखलेच जात नाहीत. खेळ व मित्र सोडणे, आहार घटणे, सतत चिडचिड, स्वतःस इजा करणे वा मरणाची भाषा यांपैकी शेवटची दोन आढळल्यास मेध्य योग लिहून मुलास घरी धाडू नये. त्यास एकटे न ठेवता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. इतर लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यासही त्यांचा सल्ला घ्यावा. आपली चिकित्सा सोबत चालू ठेवायची असल्यास ती त्यांना कळवून ठेवावी.

औषधी दुकानदारांकडे आमची एक विनंती आहे. एकाच मुलासाठी तिसरी बाटली मागितली गेली तर ती देण्याआधी वैद्याकडे जाण्यास सुचवावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असून तीवर मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून गल्ल्याजवळ लावावा.