श्रावणात घासलं, वैशाखात खरखरलं

अरणगावजवळच्या मेहेराबादला ३१ जानेवारीच्या अमरतिथीला, म्हणजे मेहेरबाबांच्या पुण्यतिथीला, गेलं की देशोदेशीची माणसं गिटारवर गाताना दिसतात. 'द हू'चा गिटारवादक पीट टाउनशेंडही मेहेरबाबांचा भक्त. १९७१च्या 'बाबा ओ'रायली' या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबाच. टाउनशेंड मंचावर गिटारी फोडण्यासाठी प्रसिद्ध. मी माझी फोडली नाही, घासली.

ऐन ऑगस्टमध्ये गिटार घरी आली. वरची फळी अखंड स्प्रूसची, दिसायला देखणी, पण तारा इतक्या उंच की एफ कॉर्ड धरताना डोळ्यांत पाणी यायचं. दुकानदार म्हणाला, "वाजवून वाजवून बोटं तयार होतात." बोटांना घट्टे पडले, एफ काही वाजेना. मग ब्रिजवरची ती पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, काढली आणि पॉलिश पेपरवर घासली. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तिथे तार एक मिलिमीटर खाली आणायला सॅडल दोन मिलिमीटर उतरवावं लागतं. हा हिशेब मी चोख केला होता. गिटार लोण्यासारखी वाजू लागली आणि दिवाळीपर्यंत मी स्वतःवर खूश होतो.

एप्रिलमध्ये प्रत्येक तार खरखरू लागली. शेजारी भजनी मंडळातले आजोबा राहतात. त्यांनी सॅडल हातात घेऊन पाहिलं. "अरे, तंबोऱ्याची घोडी कुणी घाईनं घासतं का? मिरजेचा कारागीर जवारी काढताना एक हात मारतो, तार छेडतो, ऐकतो, मग दुसरा हात. आणि तू मापलंस कधी? भर पावसात! लाकूड पाणी पितं, बाबा."

चूक तिथेच होती. दमट हवेत वरची फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो, तारा उंच होतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तीच फळी आक्रसून खाली बसते. मी श्रावणातला फुगवटा कायमचा समजून सॅडल घासून टाकलं. प्लायच्या फळीला हा त्रास कमी, पण नेक तशा गिटारीचीही हलते.

म्हणून नवी गिटार आणली की पंधरा दिवस तिला घरच्या हवेत राहू द्या, मगच माप घ्या. आधी नेक बघा. तार सुरात लावून जाडी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबा. सातव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर नेकमधला ट्रस रॉड ॲलन कीनं उजवीकडे पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. की अडली तर थांबा. रॉड तुटला तर दुरुस्तीला गिटारच्या किमतीएवढा खर्च येऊ शकतो. नेक जागेवर आल्यावर बाराव्या फ्रेटवर ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, मोजा. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाडीचं असतं. जाड्या तारेखाली तीन कार्डं सैलसर बसली की ठीक, बारीक तारेखाली अडीच. मग गरज उरलीच तर सॅडल, तेही खालच्या बाजूनं आणि सपाट.

एफ कॉर्डच तेवढी छळत असेल तर दोष बहुधा नटचा, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीचा, असतो. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा; पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट दिसायला हवी. जास्त दिसली तर कारागिराकडे जा. नटच्या खाचा घरी कोरू नका. माझी एफ खरं तर बरीचशी नटमुळेच अडली होती, सॅडलचा त्यात फारसा गुन्हा नव्हता.

उन्हाळ्यात गिटार केसमध्येच ठेवा, भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज घट्ट पिळून सोबत घाला. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली की लाकूड सुखी. कूलरसमोर गिटार टांगणं हा मात्र उपाय नव्हे, तेही मी करून पाहिलं आहे.

पुढे कारागिराकडून हाडाचं नवं, उंच सॅडल करून घेतलं. जुनं टाकलं नाही. आता माझ्याकडे दोन सॅडल आहेत, एक गिटारवर, एक केसच्या कप्प्यात; एकावर पेन्सिलीनं 'उन्हाळा' लिहिलंय, दुसऱ्यावर 'पावसाळा'.