दोरावरची माणसं

मे महिना लागला की चाकणच्या औद्योगिक वसाहतीत झाडं छाटायची घाई सुरू होते. वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडेल, तारांवर पडेल, उभ्या गाड्यांवर येईल ही धास्ती असते. अशाच एका कारखान्याच्या आवारात तिथल्या सुरक्षा विभागातली तरुण अभियंता आणि झाडावर चढून छाटणी करणारे एक काका यांच्यात झालेलं हे बोलणं. काका मूळचे खेड तालुक्याच्या पश्चिम भागातले, भीमाशंकरच्या बाजूचे. आता राहायला भोसरीत.

ताई : काका, तुमची माणसं आठ वाजता आली. नऊ वाजून गेले तरी वर कुणी चढलेलं नाही. एवढा वेळ खाली काय चालतं?

काका : झाडाभोवती फिरणं चालतं. ह्या गुलमोहराकडे बघा. वर फुलांनी लाल झालाय, पण बुंध्याशी, मातीलगत ही कडक तपकिरी आळंबी आलीय. म्हणजे आतलं लाकूड कुजायला लागलंय. लाकडी हातोडीनं ठोकलं तर ह्या बाजूनं आवाज पोकळ येतो. ह्याच्यावर मी माणूस चढवणार नाही. शिडीची गाडी आणून बाहेरूनच काम करावं लागेल. गुलमोहर मुळात मादागास्करचा. भराभर वाढतो, सावली देतो, म्हणून जिकडेतिकडे लावला. पण लाकूड ठिसूळ आणि मुळं वरच्या वर पसरणारी. त्यात आपण खोडाला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवतो.

ताई : ब्लॉकचा आणि कुजण्याचा काय संबंध?

काका : ब्लॉकसाठी खणताना मुळं तुटतात आणि बुरशी तिथूनच शिरते. वर माती दाबली की पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या एका प्रकरणात झाडाभोवतीची एक मीटर जागा मोकळी करा, काँक्रीट काढा, असं सांगितलं होतं. इथं तेवढं झालं तर माझी बरीच कामं कमी होतील. झाली तर मला आनंदच आहे.

ताई : आणि जे झाड धड आहे, त्यावर शिडीशिवाय जाता कसे?

काका : शिशाचे छर्रे भरलेली छोटी पिशवी बारीक दोरीला बांधायची आणि ती वरच्या भक्कम बेचक्यातून पलीकडे टाकायची. त्या दोरीनं जाड दोर ओढून घ्यायचा. मग दोघांनी खालून लोंबकळून बेचकं वजन पेलतंय का ते बघायचं. दोराचं एक टोक कमरेच्या हार्नेसला आणि दुसऱ्या बाजूवर सरकगाठ. वजन आलं की गाठ आवळते, हातानं ढिली केली की सरकते. प्रुसिक नावाची अशी एक गाठ आहे. कार्ल प्रुसिक हे ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक, त्यांनी ती 1931 मध्ये लोकांपुढे आणली. आता आमच्याकडे तिच्याहून सोयीच्या गाठी आहेत, पण तत्त्व तेच. दोरावर भार टाकला की दोन्ही हात मोकळे होतात, फांदीच्या टोकापर्यंत चालत जाता येतं. मोकळ्या हातांचा माणूस घाई करत नाही. एका हातानं फांदी धरून दुसऱ्या हातानं कोयता मारणारा पटकन तोडून उतरायला बघतो, आणि त्याच घाईत झाड बिघडतं.

ताई : बुटांना लावायच्या खिळ्यांनी चढणं सोपं नाही का?

काका : जे झाड पाडायचंच आहे, त्यावर ते चालतं. जगणाऱ्या झाडाला पावलागणिक भोक कशाला पाडायचं?

ताई : आता वर चढलेला तुमच्याकडचा मुलगा ती वाळलेली फांदी एकाच जागी तीनदा कापतोय. असं का?

काका : एका जागी नाही, नीट बघा. पहिला काप खालून, अर्धवट, खोडापासून वीतभर लांब. दुसरा वरून, त्याच्याही थोडा पुढे. फांदी सुटते, पण सुटताना खोडाची साल सोलत खाली येत नाही. राहिलेला खुंट तिसऱ्या कापानं काढायचा. तो कुठं घ्यायचा, हेच खरं शिकायचं असतं. फांदी खोडाला मिळते तिथं एक फुगीर कडं असतं. काप त्या कड्याच्या बाहेरून घ्यायचा. कडं कापलं तर खोड कुजतं आणि लांब खुंट ठेवला तर खुंट कुजून ती कूज आत जाते. अमेरिकेच्या वनखात्यात अॅलेक्स शिगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते पाहिलं. आपल्या कातडीची जखम भरून येते, तशी झाडाची भरत नाही. झाड कुजका भाग आतून भिंत घालून कोंडून टाकतं आणि त्याच्या बाहेर नवं लाकूड वाढवतं. ती भिंत उभारायची ताकद कड्यात असते.

ताई : मग वरून रंग किंवा गेरू लावला तर मदत होते?

काका : कापाला लावून काही उपयोग नाही, हेही शिगोंनीच दाखवलं. काप बरोबर जागी असला की झाड बाकीचं बघतं.

ताई : तुमच्याआधी जे आले होते त्यांनी मागच्या गेटजवळची झाडं वरून सपाट केली होती. तेव्हा मोकळं दिसलं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

काका : आज जाऊन बघा. तिथं काठ्यांसारखे सरळ धुमारे आलेत. पानं गेली की झाड उपाशी पडतं आणि साठवलेलं सगळं खर्चून धुमारे काढतं. ते सालीलगत फुटलेले असतात, आत रुजलेले नसतात. चार पावसाळ्यांनी जाड होतील आणि वाऱ्यात मोडतील. धोका कमी करायला गेलो आणि वाढवून आलो. एका वर्षात चौथाईपेक्षा जास्त पालवी काढू नये, हा साधा नियम आहे. पण ठेका ट्रॉलीच्या हिशोबानं दिला की ट्रॉली भरायची असते, मग नियम कोण पाळणार? माणसाला जेवढं कापलं तेवढे पैसे दिले तर तो जास्त कापणारच. दोष त्याचा एकट्याचा नाही.

ताई : परवानगीचं काय?

काका : शहरी हद्दीत झाडं सांभाळायचा 1975 चा राज्याचा कायदा आहे. झाडाला कसलीही इजा करणं त्यात तोडण्यातच धरलंय. पिंपरी-चिंचवडमध्ये अर्ज पालिकेच्या उद्यान विभागाकडे जातो. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं आणि त्यावरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलंय. टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, पिंपरीचा कारखाना उभारताना कंपनीचे तेव्हाचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी माळावर झाडं लावून घेतली, तळं केलं. त्या पिढीची झाडं आता ह्याच वयाची. कारखान्यांच्या पट्ट्यात जुनी झाडं नाहीत असं समजू नका.

ताई : सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? उंचीची?

काका : उंचीची सवय होते. तारांची भीती वाटते, महावितरणनं लाइन बंद केल्याशिवाय मी हात लावत नाही. आग्या मोहोळाची वाटते, कारण दोरावरच्या माणसाला पळता येत नाही. आणि एक भीती लोकांच्या लक्षात येत नाही. वर कुणी बेशुद्ध झाला आणि हार्नेसमध्ये नुसता लटकून राहिला, तर पायांत रक्त साचतं आणि जिवावर बेततं. अग्निशमनची गाडी येईपर्यंत थांबून चालत नाही. म्हणून खाली नेहमी दुसरा चढणारा हवा, हार्नेस घालून तयार. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही संस्था 1976 पासून झाडावर चढायच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेते. तिथं वेगाबरोबर ही सुटकाही एक प्रकार असतो. झाडात अडकवलेला माणसाच्या वजनाचा पुतळा ठरल्या वेळेत, इजा न होऊ देता खाली आणायचा.

ताई : तुम्ही दोर कुठं शिकलात?

काका : चढायला शिकलो गावी, दोराशिवाय. आमच्याकडे हिरडा हे उत्पन्नाचं साधन. उन्हाळ्यात फळ कोवळं असतानाच झाडावर चढून काढायचं आणि वाळवायचं. वाळलं की काळं पडतं, तो बाळहिरडा. औषधांना जातो. आम्हा महादेव कोळ्यांच्या घरात लहान पोरंही झाडावर. पडून हात-पाय मोडलेली माणसं गावोगाव होती, पण तेव्हा कुणी त्याला धंद्याची जोखीम म्हटलं नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात खेड, आंबेगाव, जुन्नरकडची हिरड्याची किती झाडं गेली! दोर शिकलो इथं, डोंगर चढणाऱ्या पोरांकडून. 1998 मध्ये पुण्याचे गिर्यारोहक सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, 2012 मध्ये पुण्याच्याच गिरिप्रेमी संस्थेची मोहीम तिथं गेली, त्यानंतर ह्या भागात कड्यांवर जाणारी पोरं वाढली. त्यांना दोर कळायचा, मला झाड. त्यांच्यातले दोघं आता माझ्याबरोबर आहेत.

ताई : म्हणजे आठवडाभर झाडावर आणि सुट्टीत कड्यावर? कंटाळा येत नाही?

काका : कामात वर गेलो की डोळा दोषावर असतो. कुठं चीर आहे, कुठं मेलेलं लाकूड आहे. सुट्टीत तसं नसतं. अमेरिकेत पीटर जेंकिन्स नावाच्या माणसानं 1983 मध्ये अटलांटात नुसत्या आनंदासाठी झाडावर चढायची संस्था काढली. हार्नेस, दोर सगळं कामाचंच, करवत तेवढी नाही. हे मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच पटलं. माझी पोरं मात्र कड्याकडे जातात. मी भोरगिरीहून भीमाशंकरच्या वाटेला लागतो, शेकरू, ती मोठी खार, बघायला.

ताई : शेकरू मी फक्त फोटोत पाहिलंय.

काका : आपल्याच तालुक्यात आहे की. भीमाशंकर 1985 मध्ये अभयारण्य झालं, ते ह्या प्राण्यासाठीच ओळखलं जातं. शेकरू घरटं बांधतं ते बारीक फांद्यांच्या टोकाला, जिथं दोन झाडांचे शेंडे एकमेकांत शिरलेले असतात. जड शिकारी तिथवर येऊ शकत नाही आणि पळायला दोन्ही झाडं मिळतात. शिवाय एकच नाही, चार-सहा घरटी बांधून ठेवतं. मी अर्धा दिवस खाली बसून त्याची वाट बघतो. कुठल्या फांदीवर पाय देतं, उडी मारायच्या आधी कुठं थांबतं. माझ्या पोरांना सांगतो, भार कसा टाकायचा ते ह्याच्याकडून शिका. ते जमिनीवर क्वचितच उतरतं. मधे रस्ता काढला, शेंडे तुटले, की त्याचं रान दोन तुकडे होतं. हे कळल्यापासून मी कंपन्यांतसुद्धा दोन झाडांचे शेंडे भेटत असतील तर उगाच सोडवत नाही. इथं शेकरू नाही, पण खारी आहेत, पक्षी आहेत.

ताई : पक्ष्यांवरून आठवलं. आज घरटी सापडली का?

काका : त्या रेन ट्रीवर कावळ्याचं आहे, अंडी आहेत. ती फांदी आज राहिली. मे-जून हा कावळ्यांचा काळ, पाऊस लागला की बगळे येतात. म्हणजे आपण नेमके त्यांच्या विणीच्या दिवसांत करवत काढतो. घारी मात्र हिवाळ्यात घरटं करतात, त्यामुळे बघितल्याशिवाय कुठल्याच महिन्यात चालत नाही. जानेवारीत आमची पोरं संक्रांतीनंतर मांज्यात अडकलेल्या घारी उतरवतात. नायलॉन मांज्यावर हरित लवादानं 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी दरवर्षी तो झाडांवर सापडतोच. त्या कामाचे पैसे कुणी घेत नाही.

ताई : आणि चढायच्या कामाचं शिक्षण? केरळमध्ये नारळावर चढणाऱ्यांना सरकारी प्रशिक्षण असतं म्हणे.

काका : हो. नारळ विकास मंडळानं 2011 मध्ये सुरू केलं. यंत्रानं चढायला शिकवतात, विमाही आहे. आपल्या कोकणातल्या नारळ उतरवणाऱ्या पाडेल्यांना आणि आम्हाला असं मिळायला हवं. आज माझ्याकडचा मुलगा पाच वर्षांच्या अनुभवानंतरही कागदावर हेल्पर आहे. लग्नाच्या बोलणीत मुलाचं काम विचारलं की घरचे गप्प बसतात. त्याच्या हातात दाखला असता तर गप्प बसावं लागलं नसतं.

ताई : पुढच्या वर्षीच्या कंत्राटात मी काय लिहू? आता तुम्हीच सांगा.

काका : लिहून घ्या. दर दिवसावर, ट्रॉलीवर नाही. प्रत्येक झाडासाठी आधी पाहणी, आणि कुठली फांदी का काढली त्याची नोंद. खाली सुटकेसाठी तयार असलेला दुसरा चढणारा. चढणाऱ्या प्रत्येकाचा विमा. बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढायचं काम त्याच कंत्राटात घाला, नाहीतर ते राहून जातं. आणि आम्हाला मे महिन्यात नका बोलावू, थंडी सरताना बोलवा. तेव्हा तुमच्याकडे आर्थिक वर्षअखेरीची गडबड असते हे मला माहीत आहे, म्हणून तारीख आत्ताच टाकून ठेवा.